कोणी केलंय?

पेठकरांपुढे कोणी बिस्कीट धरलं की ते बिस्किटाकडे बघत नाहीत, धरणाऱ्याकडे बघतात आणि विचारतात, "कोणी केलंय?"

माणूस गोंधळतो. बिस्कीट काय कोणी करत असतं? ते दुकानातून येतं. तसं सांगितलं की पेठकर पुडा मागून घेतात, चष्मा कपाळावर चढवतात, मागची बारीक अक्षरं डोळ्याला लावून वाचतात आणि पुडा परत करतात. "प्लॉट नंबर, गट नंबर, तालुका, जिल्हा, पिनकोड. सगळं आहे. करणाऱ्याचं नाव नाही. पत्ता अपूर्ण. परत."

पेठकर पोस्टात होते. सगळी नोकरी रजिस्टरच्या खिडकीमागे गेली. "पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर मी पंतप्रधानांचं पार्सलसुद्धा घेतलं नसतं," असं ते अभिमानानं सांगतात. पंतप्रधान बिबवेवाडीत पार्सल घेऊन कशाला येतील, असं मी एकदा विचारलं होतं. "आले नाहीत. त्यांनाही माहीत असणार," पेठकर म्हणाले.

हा विक्षिप्तपणा घराच्या चार भिंतींत राहिला असता तर माझी काहीच हरकत नव्हती. पण त्या चार भिंती दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. आत किराणा आणि दर्शनी भागात माळेसारखी टांगलेली पाकिटं. वेफर्स, नूडल्स, टोस्ट, केक, सूपच्या पुड्या. मार्केट यार्डात पोती उचलण्यापासून सुरुवात केली, मग हातगाडी ओढली, भाव करता करता घसा फोडला, तेव्हा कुठे हे दुकान उभं राहिलं. दृष्ट लागू नये म्हणून दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो. दुसऱ्या मजल्यावरून जिना उतरून येणाऱ्या दृष्टीवर ती चालत नाही.

रोज सकाळी पेठकर दुकानाबाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसतात. बाक मीच टाकलाय, गिऱ्हाइकांसाठी. एखादी बाई पोरांसाठी नूडल्सची पाकिटं घेऊन वळली की हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतात, "वहिनी, कोणी केलंय?" पहिल्या दिवशी बाई हसते. दुसऱ्या दिवशी हसत नाही. तिसऱ्या दिवशी नूडल्सऐवजी रवा नेते. माझा रवा, बेसन, शेंगदाणे जास्त खपायला लागले, हे मी नाकारत नाही. पण रव्यात सुटतं काय?

एकदा मी सरळच बोललो. "पेठकर, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय."

त्यांनी माझ्या पोटाकडे नीट पाहिलं. "पाय ठेवायला जागा बरीच आहे, शिंदे."

माझा खरा राग मात्र जुना आहे. हाच माणूस एके काळी माझं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होता.

नलिनीवहिनी होत्या तोपर्यंत पेठकरांच्या घरात पाकीट शिरत नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या दुकानाच्या डोक्यावर. रोज दुपारी तिथून पेठकरांचा आवाज यायचा, "मीठ कमी आहे!" आणि लगेच वहिनींचा, "वरून घ्या!" पुढे काही नाही. हे इतकं वेळेवर व्हायचं, की ते ऐकूनच मी जेवायला शटर ओढायचो. मग वहिनी गेल्या. त्यानंतर वर्षभर पेठकर रोज संध्याकाळी यायचे आणि बोट दाखवतील ते पाकीट न्यायचे. घासाघीस नाही, उधारी नाही, कशात काय आहे हे विचारायची शुद्धही नाही. नूडल्स सकाळी, सूप-टोस्ट रात्री. मग रक्ताचे रिपोर्ट बिघडले, डॉक्टर ओरडले आणि एका दिवसात सगळं बंद. तेव्हापासून माझ्याकडून ते फक्त काडेपेटी आणि मीठ नेतात. असं गिऱ्हाईक हातचं जाण्याचं दुःख व्यापाऱ्यालाच कळेल.

बरं, खाणं बंद केलं तर गप्प बसावं. तेही नाही. पाकिटावर कंपनीचा फोन नंबर असतो, तो कोणी लावत नाही. पेठकर लावतात. माझ्याच बाकावर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मॅडम, तुमच्या शेवेत मीठ कोण घालतं?"

"सर, आपली काही तक्रार आहे का?"

"मी ती वर्षभर खाल्ली. तक्रार करण्यासारखं एकदाही काही निघालं नाही. ती अडचण आहे. घालतं कोण?"

"सर, ते मशीनवर होतं."

"मशीनवर कोण असतं?"

"एक मिनिट होल्ड करा हं, सर."

पेठकर फोनमधलं संगीत ऐकत बराच वेळ बसून राहिले. ती काही परत आली नाही. फोन ठेवत म्हणाले, "मुलगी चांगली होती. जेवलीस का, ते विचारायचं राहिलं."

काही लोकांनी कुजबुज केली, की हे जुन्या वळणाचं सोवळं आहे. तसं असतं तर मीच आधी बोंब मारली असती. पण पेठकर दिवाळीआधी स्वतःचं पीठ, तूप, साखर घेऊन कोंढव्याच्या रस्त्यावर रफीकभाईंच्या भट्टीवर जातात, समोर उभं राहून नानकटाई भाजून घेतात आणि तिथंच एक तोंडात टाकून म्हणतात, "रफीकभाई, या वेळी साखर जास्त झाली."

"साखर तुम्हीच आणली होती, काका."

"म्हणूनच सांगतोय. पुढच्या वेळी मला अडवा."

ईदला रफीकभाईंच्या घरून पेठकरांकडे शीरखुर्म्याचा डबा येतो. डबा रिकामा परत करू नये, ही आपल्याकडची रीत. पेठकर तो धुऊन, पुसून, त्यात पुरणपोळी घालून परत करतात. पोळीला नकाशासारखे आकार असतात, पण करणाऱ्याचं नाव पक्कं असतं. असे अर्ध्या बिबवेवाडीचे डबे त्यांच्याकडे येतात-जातात. कोणाची भाजी येते, त्यांची कोशिंबीर जाते. जाताना शेराही जातो: तिखट झाली, कच्ची राहिली, मीठ कमी. लोक चिडतात आणि पुन्हा पाठवतात. यातला प्रत्येक डबा दुसऱ्याचा. पेठकरांचा स्वतःचा डबा कोणाच्या घरी गेलेला मी पाहिला नव्हता. मला वाटायचं, चिक्कूपणा. दुसरं काय?

मग सोसायटीच्या गणपतीत त्यांनी कळस केला. आरतीनंतरच्या खाऊची ऑर्डर दरवर्षी माझी असायची. ठरलेलं होतं सगळं. मीटिंगमध्ये पेठकर उभे राहिले. "बाप्पाला दाखवायचा तो नैवेद्य कोणी केलाय, हे बाप्पाला सांगता यायला हवं." टाळ्या. घरटी एक दिवस ठरला, माझी ऑर्डर गेली. पहिल्या दिवशी नारळाच्या वड्या कोणी कराव्यात? मंदानं. मंदा म्हणजे माझी बायको. घरात शत्रुपक्ष असा असल्यावर माणसानं लढावं तरी कोणाच्या जिवावर?

यानंतर मी पेठकरांशी बोलणं टाकलं. बाक उचलून आत ठेवला. दुसऱ्या दिवशी ते घरून घडीची खुर्ची घेऊन आले.

एवढ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मंदा विश्रांतवाडीला गेली. जाताना म्हणाली, "अहो, कुठंतरी डबा लावून घ्या." भरलेल्या दुकानात बसलेल्या माणसाला डबा कशाला लागतो? शिवाय तारीख उलटायला आलेला माल कंपनीचा माणूस परत घेत नाही आणि टाकायला माझा हात धजत नाही. तो कोणीतरी संपवायलाच हवा. मी संपवत होतो. सकाळी खारी, दुपारी वेफर्स, रात्री नूडल्स. व्यवहार चोख होता.

मग चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला.

"पाकिटातलं सगळं बंद," डॉक्टर म्हणाले.

"निम्मं केलं तर?"

"बंद."

"खारी राहू द्या. वेफर्स सोडतो."

"शिंदे, हा दवाखाना आहे. मार्केट यार्ड नाही."

मी उठून दारापर्यंत गेलो. भाव जुळत नसला की उठून निघायचं, समोरचा हाक मारतोच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता आली पंचाईत. मंदाला सांगावं तर ती नातवंडाला सोडून धावत येणार. आणि इमारतीत कळलं तर? पाकिटं विकणाऱ्यालाच पाकिटं बंद! पेठकरांनी ते पेपरसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. तेव्हा मी तोंड मिटून बसलो. दोन दिवस केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी, दुकानात कोणी नाही असं बघून, काउंटरखाली वाकून खारी चहात बुडवली.

डोकं वर काढलं तर काउंटरवर स्टीलचा डबा आणि पलीकडे पेठकर.

"हे काय?"

"मुगाची खिचडी. मी केलीय. यशवंत पेठकर."

"मी मागितली नव्हती."

"रजिस्टर पत्र मागून येत नाही. घ्या."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"परवा तुमच्या हातात लॅबचं पाकीट होतं. ते मी ओळखतो. तेवढ्या एका पाकिटावर माणसाचं नाव असतं." आणि ते जाऊन खुर्चीवर बसले. मोठ्यानं काहीच वाचलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

खिचडी मी खाल्ली. कशी होती ते सांगून त्यांचा भाव वाढवणार नाही. डबा धुतला. रिकामा कसा देणार? दुकानातली सर्वांत महाग काजू-बिस्किटं त्यात भरली आणि वर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा परत आला, आत दुधीची भाजी आणि भाकरी. सोबत कागदात बांधलेली माझी बिस्किटं. "पत्ता अपूर्ण."

मी शेंगदाणे भरले. सुटे, बिनपाकिटाचे. आता बोला!

"कोणाच्या रानातले?"

मार्केट यार्डातल्या गाळ्याचं नाव मला तोंडपाठ होतं. त्यामागच्या रानाचं नव्हतं. शेंगदाणे परत.

त्या संध्याकाळी चिडून मी डबा घासत होतो. जोरात घासला म्हणून असेल, झाकणाच्या कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. सौ. नलिनी यशवंत पेठकर. भांड्यांवर नाव घालतात तसं, रुखवतातलं. मी डबा हलकेच उपडा ठेवला. असे डबे माणूस कपाटात मागे ठेवतो. लोकांच्या घरी पाठवत नाही, तेही चिडून डबा घासणाऱ्या माणसाच्या.

रविवारी मी शटर लवकर ओढलं. हातगाडीच्या दिवसांत, मंदा यायच्या आधी, मला एकच पदार्थ यायचा. पिठलं. तेव्हापासून केलं नव्हतं. बेसन माझ्याच पोत्यातलं. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या, ते मी खाल्लं. दुसऱ्या खेपेचं डब्यात घातलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो.

पेठकरांनी झाकण काढलं, वास घेतला. "कोणी केलंय?"

"मी."

"पूर्ण नाव?"

"सोपान बाबुराव शिंदे. तळमजला."

त्यांनी मान हलवली, आत गेले आणि भाताची दोन ताटं घेऊन आले. खिडकीपाशी टेबल होतं, तिथं पिठलं वाढलं. त्यांनी भात कालवला, घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांनी चुलीपुढे उभा राहिलो, हात पोळून घेतला, जिना चढून आलो, आणि हे! "वरून घ्या!" मी ओरडलो.

पेठकरांचा हात ताटातच थांबला. काय बोललो ते माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. माझं तोंड नेहमीच माझ्या पुढे धावतं. मग ते उठले, फडताळातून मिठाची बरणी आणली, चिमूट घेतली, कालवली आणि जेवायला लागले.

"वर्षभर तुमच्याकडचं खाल्लं, शिंदे," ते ताटात बघत म्हणाले. "सवयीनं रोज म्हणायचो, मीठ कमी आहे. मग ध्यानात यायचं, कमी नाहीये. कधीच नसायचं. मग गप्प बसून खायचो."

मी त्यांना आणखी पिठलं वाढलं. ते नको म्हणाले नाहीत.

आता मंदा परत आलीय. माझे रिपोर्ट सुधारले, त्याचं श्रेय डॉक्टर घेतात. बाक पुन्हा बाहेर टाकलाय, कारण घडीच्या खुर्चीनं दुकानाचं दार अडत होतं. दुसरं काही कारण नाही. पेठकर त्यावर बसून माझा धंदा पूर्वीसारखाच बुडवतात आणि मी पूर्वीसारखाच त्यांच्यावर ओरडतो. रविवारी मात्र पिठलं मी करतो आणि ते वर जातं त्याच डब्यातून.

मंदा चव घेऊन म्हणते, "अहो, दर वेळी मिठाला हात कसा आखडतो तुमचा?"

मी सांगतो, "धंद्यातलं तुला कळायचं नाही. गिऱ्हाइकाला तक्रारीला जागा ठेवावी लागते."