घाटातली चार मिनिटं

आमचे शेजारी सिद्रामप्पा दर रविवारी दुपारी चार वाजता खंडाळ्याचा घाट चढायचे. सोलापुरातच, स्वतःच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून आणि भिंतीवर पांढरी चादर ताणून.

जन्मभर थिएटरात ऑपरेटर असलेल्या या माणसाकडे निवृत्तीनंतर हाताने फिरवायचा एक प्रोजेक्टर आणि एकच रीळ होतं. मूकपटांच्या काळात कुणीतरी इंजिनाच्या पुढ्यात कॅमेरा घेऊन बसला आणि समोर येईल ते टिपत गेला. रूळ, डोंगर, बोगदा, पुन्हा डोंगर. सगळा खेळ चार मिनिटांचा. मालक जुनी रिळं भंगारात काढत होता, तेव्हा सिद्रामप्पांनी हे मागून घेतलं.

नियम मात्र रेल्वेला लाजवतील असे. चारला दार बंद. उशिरा आलेल्याला आतून उत्तर मिळे, "गाडी गेली की. आता पुढच्या आइतवारी." चालत्या गाडीत कुणी उठायचं नाही. घाटात खायचं नाही, कारण 'वांती व्हती'. आमच्या हिने एकदा शेंगा सोलल्या, तर महिनाभर तिला बोलावणं नव्हतं. बोगदा आला की 'डोस्की आत घ्या' असा हुकूम सुटे. खोटं कशाला सांगू, मीही दोनदा मान आत घेतली आहे.

शेवटच्या वळणावर रुळाकडेला एक माणूस झेंडा धरून उभा दिसे. तिथे सिद्रामप्पांचा हात मंद व्हायचा. एवढं आवडतं तर तिथे थांबवत का नाही, असं मी एकदा विचारलं.

"थांबवलं तर बल्बानं फिल्म जळंल, गुरुजी." मग रीळ उलटं गुंडाळत म्हणाले, "आमचे अप्पा हायत ते. घाटात चौकीवर व्हते. मी तीन वर्साचा असताना गेले. फोटू न्हाय. थेटरात आईला दावलं, तिनं वळखलं."

मी मास्तर, मला शहाणपण सुचलंच. तेवढा तुकडा कापून स्टुडिओत फोटो करून घ्या, म्हटलं. त्यांनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी कुंपणापाशी येऊन सांगितलं, "तुकडा काडला तर गाडी अप्पांबिगर जाईल की."

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. रीळही ठिसूळ झालं होतं, दर खेळाला तुटायचं आणि ते चिकटवत बसायचे. एका रविवारी त्यांनी प्रोजेक्टरचा दांडा माझ्या हाती दिला आणि पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसले.

शेवटचं वळण आलं, आणि आम्हाला कधी उठू न देणारे सिद्रामप्पा चालत्या गाडीत उठले. चादरीपाशी जाऊन झेंडेवाल्याच्या शेजारी उभे राहिले. तरुण अप्पा म्हाताऱ्या सिद्रामप्पांचा मुलगा वाटावेत असे दिसत होते. मला फार वाईट वाटलं. फिल्म जळेल की काय अशी भीती वाटेपर्यंत मी हात हळू केला. थांबवता येत नव्हता.