विनताचा ड्रायर आणि वडीलधाऱ्यांच्या सूचना

कारखान्यातून बाहेर पडणारे प्रत्येक यंत्र अपूर्ण असते. ते पूर्ण करण्याची जबाबदारी ते ज्या घरात जाते तिथल्या वडीलधाऱ्यांवर असते, आणि जबलपूरच्या मराठी घरांनी ती आजवर कधी टाळलेली नाही.

विनताची रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत टी-शर्ट छापण्याची छोटी शेड आहे. छापलेली शाई नीट भाजली गेली तरच धुण्यात टिकते. मराठी मंडळाच्या मेळाव्याचे टी-शर्ट छापायचे मोठे काम मिळाले, तेव्हा तिने कन्व्हेयर ड्रायर घ्यायचे ठरवले. ड्रायर म्हणजे लांबट भट्टी. वर शेजारी-शेजारी हीटर, खाली सरकता पट्टा. एका तोंडातून ओला टी-शर्ट आत जातो, दुसऱ्यातून पक्का होऊन बाहेर येतो. शेड अरुंद, म्हणून विनताला तो थोडा आखूड करून हवा होता. बस्स.

'करून हवा' एवढेच शब्द सासऱ्यांच्या कानी पडले.

नीलकंठराव संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. तोफांनंतर त्यांच्या योग्यतेचे काम त्यांच्याकडे आले नव्हते. बदल करायचाच, तर एकच काहून, असा त्यांनी मूलभूत प्रश्न उपस्थित केला आणि ड्रायरच्या बाजूच्या भिंतीवर तापमान दाखवणारे भले मोठे मीटर मंजूर केले. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी पाहुण्यांना आतले दिसावे म्हणून काचेची खिडकी सुचवली, आणि उद्‌घाटन अटळ असल्याने हार अडकवायला एक खुंटीही. सासूबाई सुहासिनी यांचा दृष्टिकोन अधिक व्यापक होता. एवढी ऊब फुकट जाते, तर ड्रायरच्या छताला जाळी लावून वर पापड काहून वाळवू नयेत? जाळीला जागा हवी म्हणून मधला हीटर काढून बाजूला सरकवण्यात आला. (विनताचा नवरा अनिमेष रेल्वेत आहे. त्याने कोणालाच सिग्नल दिला नाही.)

ड्रायर बनवणारे श्यामसुंदर भैया प्रत्येक सूचनेवर "हो जाएगा" म्हणत, आणि ते खरोखर होत असे.

टी-शर्टवर तीन ओळी होत्या: 'आम्ही घरी', 'मराठीच', 'बोलतो'. टी-शर्ट पट्ट्यावरून आडवा जाई, त्यामुळे मधली ओळ नेमकी जाळीखालून जाई. पहिल्याच दिवशी विनताने त्या ओळीवर बोट फिरवले, शाई किंचित चिकट लागली आणि तिला शंका आली. एक टी-शर्ट धुऊन पाहते, असे ती म्हणाली. नीलकंठरावांनी मीटरकडे बोट दाखवले.

"मीटर सांगून राहिलं नं, की बरोबर तापलं म्हणून. तुझा भरोसा मीटरवर नाही, का माझ्यावर?"

विनताला त्याच घरात राहायचे होते. तिने टी-शर्ट धुतला नाही.

मेळावा थाटात पार पडला. मातृभाषेवर ओजस्वी भाषणे झाली. (नंतरच्या सूचना मुलांना हिंदीतून देण्यात आल्या, कारण त्या समजणे आवश्यक होते.) ड्रायरवरचे पापडही सर्वांना आवडले; भाजणीच्या बाबतीत यशाचे प्रमाण शंभर टक्के होते.

मग टी-शर्ट धुतले गेले. घरोघरी मधली ओळ पाण्याबरोबर वाहून गेली आणि उरले: 'आम्ही घरी बोलतो'. मजकूर प्रथमच वस्तुस्थितीला धरून झाला होता, पण बापूसाहेबांना ते पटले नाही. ते तडक शेडवर आले. रागात माणूस मनाच्या भाषेत बोलतो.

"ये क्या है, बहूजी? मराठी कहाँ गयी?"

"धुण्यात गेली, काका," विनता म्हणाली, आणि तिला हसू आले नाही. कारण काठाला छापलेले 'विनता प्रिंट्स' हीटरखालून गेले होते. ते कुठेही पुसट झाले नव्हते. हे कोणी केले, ते गावभर स्वच्छ वाचता येत होते.

त्या संध्याकाळी तिने जेवणाची ताटे मांडली आणि शांतपणे विचारले, "बाबा, हे मशीन मी काहून घेतलं होतं, तेवढं सांगा."

सुहासिनीबाईंनी वाढायला घेतलेला पापड परत डब्यात ठेवला. नीलकंठराव म्हणाले, "मीटर सरकवलेल्या हीटरजवळ लागलं वाटते." सेवाकाळात त्यांनी अशी कबुली कधीच दिलेली नव्हती. (कारखान्यात अशा चुकीला 'स्थानदोष' म्हणत.) सकाळी ते स्वतः शेडवर गेले, श्यामसुंदर भैयांकडून जाळी काढवून घेतली, आणि हीटर जागेवर बसेपर्यंत एकही सूचना न करता स्टुलावर बसून राहिले. घरच्यांना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली.

विनताने सगळे टी-शर्ट पुन्हा छापले. पहिला बादलीत घालून तिने बापूसाहेबांच्या हातीच दिला. त्यांनी तो घासला, पिळला, पुन्हा घासला. 'मराठीच' हलले नाही. निदान सुती कापडावर भाषेचे भवितव्य सुरक्षित झाले.

पापडांची मात्र अडचण झाली. आता ते नीलकंठरावांच्या ट्रेडमिलवर वाळतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, चांगली पारखून घेतलेली ट्रेडमिल आहे. हे कोणाला हास्यास्पद वाटत असेल, तर त्यांनी आधी आपल्या ट्रेडमिलवरचे टॉवेल काढावेत आणि मग मोकळेपणाने हसावे.