पथ्याचं ताट

धायरीच्या वस्तीतल्या समाजमंदिरात हेमाने ‘सकस ताट’ हा तक्ता भिंतीवर लावला. ती एका संस्थेत आहारतज्ज्ञ होती. तक्ता वस्तीतल्या बायकांना कळला, असं बुधवारी संचालक यज्ञेश्वर सरांना पटलं, तरच तिच्या नोकरीला वर्षाची मुदतवाढ मिळणार होती.

तक्ता सोपा करायला संस्थेने सात बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत त्यावरची अक्षरं काढून टाकली, दुसरीत तेल काढलं, चौथीत तिखट काढलं. शेवटी ताटात उरलं ते एवढंच : अर्धी भाकरी, वाटीभर पिवळं वरण, काकडीच्या तीन चकत्या आणि एक केळं. “याहून सोपं करायचं, तर कोरा कागद लावावा लागेल,” असं सर म्हणाले होते. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

चार घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या वेणूबाई तक्त्याजवळ गेल्या. “बाई, तुम्ही हेच खाता व्हय?”

हेमाने सकाळपासून चहा-बिस्किटांवर काढलं होतं. तरी ती म्हणाली, “अगदी रोज! डॉक्टरही हेच सांगतात.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बिनतिखटाचं वरण, अर्धीच भाकरी, वर फळ! वस्तीत फळं विकत घेतली जात ती कुणी दवाखान्यात असलं की.

“कधीपासनं?” वेणूबाईंचा आवाज उतरला.

“तीन वर्षं झाली.”

“अगं बया! आन् तशीच उन्हातान्हाची कामाला येती,” मागून राधा पुटपुटली. हेमाने वहीत लिहिलं, ‘महिला प्रभावित.’

बुधवारी तीस बायका आल्या, त्या डबे आणि पिशव्या घेऊन. मोसंबी, उकडलेली अंडी, भाकऱ्या, नाचणीची आंबील, शेवग्याच्या पाल्याची भाजी, मटकीची उसळ, जवसाची चटणी.

“हे काय?” हेमा चक्रावली.

“आजारी माणसाला भेटाया रिकाम्या हातानं यायचं का?” वेणूबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. “बघा, पांढरीफटक. रगातच नाय.”

“अहो, मला काहीही झालेलं नाही!”

“माझी नणंदबी असंच म्हणायची,” राधा डोळे पुसत म्हणाली.

वेणूबाईंनी भाकरीत पाल्याची भाजी घेऊन घास तिच्या तोंडात कोंबला. हेमाला आधी लाज वाटली, मग भूक लागली. चार घास पोटात गेल्यावर तिला रडूच आलं. इतकं सकस जेवण ती तीन वर्षं लोकांना सांगत होती, खात मात्र आज होती.

नेमके तेव्हाच सर फोटोग्राफरसह दारात उभे राहिले. “हेमा, हे सगळं यांनी आणलं? तक्ता बघून?”

हेमाला मुदतवाढ आठवली, तिने घास गिळला. “हो सर. तक्ता बघूनच.”

तिची नोकरी वाचली. तक्त्याच्या दहा हजार प्रती निघाल्या. दोन महिन्यांनी वार्षिक अहवाल आला. मुखपृष्ठावर वेणूबाई घास भरवत होत्या, हेमा डोळे मिटून खात होती आणि खाली छापलं होतं : ‘आहारतज्ज्ञ वेणूबाई, लाभार्थी महिलेसह.’

हेमा तणतणत सरांकडे गेली. त्यांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. “यात चूक नेमकी कुठे आहे?”

ती अहवाल घेऊन धायरीला आली. वेणूबाईंनी फोटो बघितला आणि मग तिची पापणी ओढून पाहिली.

“आता जरा लाली आलीय. डाक्टरला सांगा, ते भिंतीवरचं पथ्य सोडलं म्हणावं.”