समाधान कॉलनीची मार्जार संगोपन समिती

सत्कार्य जोवर एकटा माणूस करत असतो, तोवर लोक त्याला त्या माणसाची खोड म्हणतात. तो माणूस वारला की त्याच खोडीचा उपक्रम होतो, आणि उपक्रम म्हटला की समिती आलीच. औंढा नागनाथहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची समाधान कॉलनी आहे. तिथे हे स्थित्यंतर एका दुपारीत पार पडले. मी सदर समितीचा सचिव असल्याने पुढील सर्व माहिती अधिकृत समजावी.

रुक्माबाई कॉलनीच्या अगदी शेवटच्या घरात एकट्या राहत. औंढा, नरसी, पुसेगाव अशा आठवडी बाजारांत सुकट-बोंबील विकत. संध्याकाळी परतल्या की टोपलीतला चुरा भाकरीच्या काल्यात कालवून पाण्याच्या बंद टाकीमागे नेत आणि "या गं बायांनो" अशी हाक देत. मग टाकीमागच्या पडक्या पंपघरातून वीस-पंचवीस मांजरे बाहेर येत (नक्की आकडा देता येत नाही, मोजताना ती हलतात). ही पाळीव मांजरे नव्हेत. कोणालाही अंगाला हात लावू देत नसत; रुक्माबाईंनाही नाही. त्याबद्दल रुक्माबाईंची काही तक्रार नव्हती.

तक्रार कॉलनीची होती. वासाची, आवाजाची आणि बोक्यांच्या वर्तणुकीची. आमच्या शिवकन्याबाई माळकरी आहेत. त्यांनी एकदा कुंपणावरूनच हा विषय काढला. रुक्माबाई म्हणाल्या, "यंदा तुमच्या कोठीत घूस शिरली का, बाई? न्हाई ना? मंग बसा की गप." हे उत्तर त्या हयात असेपर्यंत उर्मट मानले जात होते. पुढे श्रद्धांजलीच्या भाषणांत ते 'स्पष्टवक्तेपणा' या सदरात गेले.

नरसीच्या बाजारात माल मांडता मांडता त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठण्याआधीच त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर कॉलनीने स्वतंत्र शोकसभा घेतली. अध्यक्षस्थानी सोनाजीराव, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. "आपण एक माऊली गमावली," असे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. आमच्यापैकी कोणीही रुक्माबाईंच्या घरी कधी चहा घेतलेला नव्हता (वेळ जुळून आली नाही), पण जिव्हाळा होता.

सभेत त्यांची भाची आकांक्षा बसली होती. ही मुलगी हिंगोलीला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. भाषण संपताच ती उभी राहिली.

"सर, मावशीबद्दल चांगलं बोललात तुमी. पण मावशी गेल्यापासून मांजरं उपाशी हायेत. मी रोज हिंगोलीवरून येऊ शकत न्हाई. त्यायला कोण घालतं, तेवढं सांगा."

सभेत अशी शांतता पसरली की ती श्रद्धांजलीची आहे असे समजून दोघे-तिघे उभे राहिले. अखेर सोनाजीरावांनी मार्ग काढला. हे कोण्या एकाचे काम नसून सर्वांचे आहे, असे त्यांनी जाहीर केले. कोणतेही काम करणे टाळावयाचे असल्यास याहून निर्दोष वाक्य मराठीत उपलब्ध नाही. समिती स्थापन झाली; आकांक्षालाही सदस्य करून घेण्यात आले.

उद्घाटन थाटात झाले. टाकीला फुलांच्या माळा, ध्वनिक्षेपक, दुधाची मोठी पातेली. लाभार्थी मात्र आले नाहीत. फटाक्यांच्या पहिल्याच माळेला मांजरे पंपघराच्या मागून शेतात पसार झाली. फोटो तर घ्यायचाच होता. तेव्हा आमचे प्रसिद्धिप्रमुख हरीश यांनी आपल्या घरची पांढरी मांजर आणली. प्रमुख पाहुण्यांनी तिला हातात घेतले आणि पुढील कार्यक्रम इंजेक्शन घेऊन झाल्यावर पार पडला. उरलेल्या दुधाचा उपस्थितांना चहा देण्यात आला.

यानंतर आहाराचा प्रश्न आला. मृताच्या नावाने चाललेल्या कार्यात सुकट शोभत नाही, वरणभात द्यावा, त्याने मांजरांची वृत्तीही पालटेल, असा ठराव शिवकन्याबाईंनी मांडला. तो एकमताने मंजूर झाला (मांजरांना मताधिकार नाही). वरणभात ठेवला की सकाळी परात चाटूनपुसून स्वच्छ असे. उपक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल मी स्वतः लिहिला. त्याच सुमारास कॉलनीतील कुत्री अंगाने भरली, पण या दोन घटनांचा संबंध जोडावा असे कोणालाही वाटले नाही. पुढे परात ठेवणेही मागे पडले. सोनाजीरावांना वाटे हरीश ठेवतात, हरीशना वाटे शिवकन्याबाई ठेवतात, आणि शिवकन्याबाईंचा समितीवर पूर्ण विश्वास होता.

एका रविवारी आकांक्षा आली. मावशीच्या बंद दारापुढे चितकबरी मांजरी आडवी पडली होती. तिच्या पाठीचा मणका न् मणका दिसत होता. पोटाशी तीन पिले होती. त्यांतले एकच हलत होते. मांजरी मेलेल्या दोघांनाही चाटत होती. आकांक्षाने हातातली पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. हरीशनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यावर हात जोडल्याची इतकी चित्रे आली की दोन वाढदिवस आणि एक साखरपुडा वर ढकलले गेले.

रडून झाल्यावर तिने भाकरी चुरली, त्यात सुकट कालवली आणि जराशी लांब ठेवली. मांजरीने ती खाल्ली. मग आकांक्षा बैठकीत आली.

"सर, ही नुसती खाण्याची गोष्ट न्हाई. खाणं कमी न् पिलं जास्त, असंच चाललं तं उन्हाळ्यात निम्मी मरतील. हिंगोलीच्या एका जनावराच्या डॉक्टरांशी बोलून राहिले मी. ते नसबंदी करून द्यायला तयार हायेत. पिंजरा मी आणते. फक्त रोज एका टायमाला, एका जागी खाणं ठेवा. मांजरं बराबर येतील, मंग धरता येतील."

'नसबंदी' हा शब्द ऐकताच समितीतील पुरुष सदस्यांनी पाय जवळ घेतले. हरीश म्हणाले, "पयले मांजरीचं करा ना. बोक्याचं काहून?" सोनाजीरावांनी विषयाची नाजूक बाजू, नैतिक बाजू आणि सांस्कृतिक बाजू अशा तिन्ही बाजू मांडल्या. चौथी बाजू मांजरांची होती, पण चहा आला. अभ्यासासाठी उपसमिती नेमण्यात आली.

 आकांक्षा आमच्याकडे एकेक करून बघत राहिली. समिती रोज एका टायमाला, एका जागी दुसरे काही करणार नाही, पण बसेल, हे तिच्या ध्यानात आले असावे. कारण उठताना ती फार नम्रपणे म्हणाली, "सर, विषय लई मोठा हाय. आठवड्याच्या एका बैठकीत कसा संपंल? रोज बसा ना. टाकीपाशीच बसा, मोकळी हवा हाय. सुट्ट्या टाकून मी येते. मावशीच्या आठवणीत नाष्टाही मीच आणते."

इतका समंजस प्रस्ताव समितीपुढे आजवर आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचला टाकीपुढे खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. नाष्टा म्हणजे भाकरी आणि सुकटीची चटणी; रुक्माबाईंच्या आवडीची. शिवकन्याबाईंनी नाकाला पदर लावला. पण आठवणीलाच विरोध कसा करणार? त्या वाऱ्याच्या उलट बाजूला बसल्या. चटणीचा वास पंपघरापर्यंत गेला आणि खुर्च्यांमागून एकेक कान वर येऊ लागला. मांजरे रोज नेमाने येऊ लागली. हा आमच्या भाषणांचा प्रभाव आहे, असे सोनाजीरावांनी नमूद करून घेतले.

बैठकांत काय घडले हे कार्यवृत्तात आहे. बैठकांच्या मागे काय घडले हे मला बरेच उशिरा कळले. सोनाजीराव 'पिंजरा : एक चिंतन' या विषयावर बोलत असत, तेव्हा टाकीआड खराखुरा पिंजरा लावलेला असे. झडप पडल्याचा खट् असा आवाज आला की आम्हाला ती टाळी वाटे, आणि सोनाजीराव आणखी बोलत. आकांक्षा पिंजऱ्यावर चादर टाकी, आत धडपडणाऱ्या बोक्याला "झालं, झालं रे राजा," म्हणे आणि ऑटोत घालून नेई. शस्त्रक्रियेनंतर मांजर दोन-चार दिवस रुक्माबाईंच्या घरात ठेवायची, बरी झाली की टाकीपाशी सोडायची. खूण म्हणून डॉक्टर डाव्या कानाचे टोक कापत. अशा कानांची मांजरे वाढल्याचे पाहून हरीशनी 'आपल्या कॉलनीत नवी जात' असा संदेश पाठवला होता.

चितकबरी सर्वांत शेवटी सापडली. तिला सोडले तेव्हा ती पळाली नाही. आकांक्षापासून हातभर अंतरावर बसून अंग चाटत राहिली. आकांक्षाने हात पुढे केला नाही. तिचे वाचलेले पिलू मात्र आकांक्षा हिंगोलीला घेऊन गेली. मांजरांना खायला आता ऑटोवाला टाकतो. रोजच्या खेपांत त्याचा जीव गुंतला. तो समितीचा सदस्य नाही.

उन्हाळा आला आणि गेला. मांजरे मेली नाहीत, नवी पिलेही झाली नाहीत. उपसमितीचा अभ्यास सुरू होण्याआधीच समस्या सुटली, हे प्रशासनाच्या इतिहासात क्वचित घडते. वार्षिक सभेत समितीने स्वतःचा सत्कार केला. शाली, नारळ, सर्व झाले. आकांक्षाबाबतही ठराव झाला: बैठकीला आल्यावर सदर सदस्या दर वेळी मध्येच उठून टाकीमागे जात असल्याने, सलग गैरहजेरीच्या कारणास्तव त्यांचे सदस्यत्व रद्द करण्यात येत आहे. मी ते तिला फोनवर कळवले. ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मागे पिलू ओरडत होते.

तेव्हा एक जागा रिकामी आहे. पात्रतेच्या अटी दोनच: मांजरांचे हाल ऐकून मनापासून हळहळ वाटावी, आणि ती वाटत असताना बसल्या जागेवरून हलू नये. चितकबरीच्या त्या दोन पिलांपाशी आपण क्षणभर थांबलात आणि मग पुढे वाचू लागलात, हे आमच्या लक्षात आले आहे. आपले नाव एकमताने घेण्यात आले. अभिनंदन. बैठक रोज पाचला असते. आलेच पाहिजे असे नाही.