चाळीस मिनिटांचा इतिहास

आमच्या नांदेडच्या कॉलेजातल्या लिंबाजीमामांना जगातल्या प्रत्येक क्रांतीची सुरुवात माहीत होती. शेवट एकाही क्रांतीचा माहीत नव्हता.

मामा शिपाई होते. इतिहासाच्या वर्गाबाहेर, खिडकीखाली, त्यांचं स्टूल. सर आत शिकवायचे, मामा बाहेर ऐकायचे. पण तास पंचेचाळीस मिनिटांचा आणि घंटा पार तिकडे, ऑफिसच्या व्हरांड्यात. त्यात मामांचा गुडघा दुखायचा. म्हणून पाच मिनिटं आधीच ते निघायचे. अशी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे त्यांच्या लेखी कोलंबस अजून परतीच्या वाटेवर समुद्रातच होता आणि फ्रान्सचा राजा बग्गीतून पळत होता.

पोरं मुद्दाम विचारायची, "मामा, राजा कुठवर आला?"

"चाललाय. घोडे बदलून राहिला."

"अहो, पकडला ना त्याला!"

"तुमच्या पुस्तकात पकडला असंल. माझ्या ड्यूटीत न्हाई."

कँटीनच्या भज्यात मिरची लागली की मामा कोलंबसावर घसरायचे. "त्याला पाहिजे होते मिरे, हाती लागली मिरची. अन् भोगून राहिलो आपण!"

मी लोह्याजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. वर्गात मला बोलायची भीती वाटायची. शंका आली तरी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची, विचारायची नाही. मामांशी मात्र बोलता यायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात आपोआप वाजणारी घंटा आली. त्याच आठवड्यात सरांनी इंग्लंडातल्या विणकरांचा धडा घेतला. नवी यंत्रं आली, हातचं काम गेलं, म्हणून त्यांनी ती यंत्रंच फोडली. पोरांना तेवढंच पाहिजे होतं.

"मामा, उचला हातोडा!"

मामा उलट रोज त्या यंत्रावरची धूळ पुसायचे. "त्याची काय चूक? लावून दिलं तसं वाजून राहिलं बिचारं."

मला वाटलं, बरं झालं, आता मामांना पूर्ण तास ऐकायला मिळेल. ऑफिसला वेगळं वाटलं. घंटा मारायची नाही, तर तिथं माणूस कशाला? मामांना मागच्या इमारतीतल्या स्टोअरवर पाठवलं. तिथं ऐकायला काहीच नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी वही घेऊन तिकडे गेले. "मामा, राजाचं शेवटी काय झालं, सांगू?"

"राजाचं राहू दे माय. राजाचं कुणीबी लिहून ठेवतंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या विणकरांचं सांग. रात्री मशिनी फोडल्या. सकाळी त्यांच्या बायकांनी चुलीवर काय ठेवलं असंल? सर दरसाली तो धडा घेतेत अन् दरसाली माझ्या मनात हेच येतंय."

मी पानं उलटली. माझ्या वहीत ते नव्हतं.

"सरांना का नाही विचारलं?"

"बाहेर बसणाऱ्यानं कसं विचारावं? अन् प्रश्न येड्यावानी निघाला तर?"

मीही आत बसून तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मी उभी राहिले. बाकाची कड घट्ट धरली आणि मामांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, परीक्षेला येईल का हे?"

सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. "हा प्रश्न तुझा?"

"नाही सर. लिंबाजीमामांचा."

सरांनी खिडकीबाहेर, मामांच्या स्टुलाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही. शोधून सांगावं लागेल."

तास संपल्यावर मी थेट स्टोअर गाठलं. मामा जुन्या नकाशांना सुतळी बांधत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"सरांना बी म्हाईत न्हाई?"

"नाही. शोधतो म्हणाले."

मामांनी सुतळी सोडली. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्यावरून हळूच हात फिरवला.

"मंग प्रश्न बरा होता म्हणायचा," ते म्हणाले.