पाच अदृश्य वाचक

ग्रंथपाल स्वतःची ओळख करून देताना 'ग्रंथपाल' हा शब्द अगदी शेवटी घेत. "निरीक्षण, तर्क आणि निष्कर्ष यांत माझा हात धरणारा या कॉलेजात कुणी नाही. फावल्या वेळात ग्रंथालय बघतो," असं ते नव्या प्राचार्यांनाही म्हणाले होते. खिशात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणत. त्यांनी सोडवलेली प्रकरणं सहायकाला तोंडपाठ होती, कारण बारा वर्षांत ते एकच होतं: हरवलेली छत्री. ती सहायकाच्याच घरी सापडली. साहेबांनीच त्याला वापरायला दिली होती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता संशोधक ताई ग्रंथालयात आल्या त्या रडवेल्या होऊनच.

"आजही उघडत नाही हो. 'पाचही जागा भरलेल्या आहेत' एवढंच दाखवतंय. सोमवारपासून हेच!"

कॉलेजने ऑनलाइन ग्रंथालयाची वर्गणी भरली होती. त्यात जगभरची नियतकालिकं होती, पण एका वेळी पाचच जणांना आत शिरता येई. ताईंनी चार वर्षं भिंतीवरच्या शेवाळ्यामागे घालवली होती. शेवाळं बघून हवेतला धूर ओळखता येतो, हा त्यांचा शोध. आणि ऐन वेळी परीक्षकांनी कळवलं, 'हे आधीच कुणी लिहिलेलं दिसतं. तो लेख वाचा, मगच प्रबंध द्या.' लेख दुसरीकडे कुठेच मिळेना. मुदत आज संध्याकाळी पाचची.

"आणि खरंच लिहिलेलं असलं तर?" सहायकाने विचारलं.

"तर चार वर्षं पाण्यात. पण निदान कळू तरी दे!"

"पाच अदृश्य वाचक," भिंगसाहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "तपास योग्य दिशेने चाललाय."

सहायकाला ती दिशा चांगली ठाऊक होती. पहिला संशय पलीकडच्या कॉलेजवर. आपला पासवर्ड त्यांनी पळवला म्हणून सहायक मंगळवारी दिवसभर त्यांच्या फाटकाशी उभा राहिला आणि उन्हात रापून परत आला. दुसरा संशय निवृत्त प्राध्यापकांवर, कारण ते साहेबांना नमस्कार करत नसत. त्यांच्याकडे संगणकच नव्हता. "हेच संशयास्पद आहे," साहेब म्हणाले होते.

"आता उरल्या तुम्ही," साहेब ताईंकडे वळले. "प्रबंध लिहूनच झालेला नाही, म्हणून हे निमित्त. बरोबर?"

ताईंनी तीनशे बारा पानांचा गठ्ठा टेबलावर धाडकन आपटला. साहेबांनी भिंगातून पहिलं पान न्याहाळलं.

"समास चांगला सोडलाय," ते म्हणाले, आणि तिसरा संशय मागे घेतला.

कोपऱ्यातल्या पाच संगणकांना सोमवारपासून दोरी बांधलेली होती. ते गुन्ह्याचं ठिकाण होतं. तिथे कुणी बसायचं नाही, हात लावायचा नाही. साडेतीनच्या सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशी फडकं घेऊन आल्या.

"साहेब, आज तरी दोरी काढा. पाच दिवसांची धूळ साचलीय."

"मावशी, ठसे पुसले जातील."

"ठसे माझेच असणार. दुसरं कोण पुसतंय इथे?" मावशी दोरीखालून वाकून आत गेल्या. "बरं बाई, नुसती ही भिंतीवरची पाटी तरी पुसते." आणि पुसता पुसता त्यांनी ती मोठ्याने वाचली, "'वाचून झालेले पुस्तक वा लेख आहे तसाच सोडावा. जागेवर ठेवण्याचे काम कर्मचाऱ्यांचे.' पुस्तकं तर हे सहायक ठेवतात कपाटात. पण कॉम्प्युटरवरचा लेख जागेवर कोण ठेवतं?"

सहायक लगबगीने दोरीपाशी आला. वाचक पुस्तकं भलत्याच कपाटात कोंबत, म्हणून ती पाटी लागली होती. पुढे संगणक आले तेव्हा साहेबांनी तीत 'वा लेख' हे शब्द स्वतःच्या हाताने वाढवले. वाचक बिचारे शिस्तीचे. लेख उघडा ठेवून निघून जात. मग साहेब वीज वाचवायला संगणकांचे फक्त पडदे बंद करत, आणि खाली यंत्रं चालूच राहत, पाचही जागा अडवून.

त्याने दोरी सोडून एकेक पडदा चालू केला. गायीचे दात. लोखंडाचा गंज. मुंग्यांचे रस्ते. मिठाचे खडे. पाचव्यावर, 'बोटांच्या ठशांचे वर्गीकरण'.

"हा कुणी उघडला होता?" ताईंनी विचारलं.

"निष्कर्ष घाईने काढू नये," भिंगसाहेब म्हणाले.

सहायकाने तो लेख बंद केला, आणि ताई त्याच खुर्चीत बसल्या. हवा होता तो लेख अखेर उघडला. चौदा पानं. घड्याळात चार वाजून गेले. मग ताईंनी टेबलावर डोकं टेकलं, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"ताई?" सहायक घाबरला.

"अहो, हा माणूस शेवाळं उकळून कापड रंगवतोय!" डोळे पुसत ताई हसत होत्या. "धुराचा एक शब्द नाही! हा वाचायला मिळाला नसता ना, तर माझंच काम मला जन्मभर चोरीचं वाटलं असतं." गठ्ठा छातीशी धरून त्या धावतच सुटल्या. लेख अर्थातच तसाच उघडा राहिला. सहायकाने तो हळूच बंद केला. या नोकरीत एवढं समाधान त्याला क्वचितच मिळालं होतं.

भिंगसाहेबांनी वहीत लिहिलं, 'प्रकरण निकाली.' मग जरा घुटमळून म्हणाले, "मावशी, तुमच्या हे नेमकं लक्षात कसं आलं? पद्धत काय?"

"पद्धत कसली? मी पाटी रोज पुसते," मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "तुम्ही नुसती लावलीत."