दगा नानांचे मेलेले सेल

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदीच्या सुमारास धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलनीत एकाही सेलला बेवारस मरण येत नसे. टॉर्चमधला असो की घड्याळातला, सेल संपला की दगा नाना दारात हजर. काखेत प्लास्टिकची बरणी, हातात चिकटपट्टी. प्रेताच्या नाकात कापूस घालावा तशी ते सेलच्या दोन्ही टोकांना पट्टी लावत आणि त्याला बरणीत निजवत.

"मेला म्हणून त्याला गरीब समजू नका, भाऊ. माणूस मेला की शांत होतो. सेलचं तसं नसतं."

नाना सरकारी गोदामातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. मे महिन्यात बायका गच्चीवर कुरडयांशेजारी टॉर्चचे सेल वाळत घालत. उन्हानं सेलमध्ये जीव येतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. नाना गच्च्या पालथ्या घालून ते उचलत. "या उन्हात माणूस फुटतो, सेल का नाही फुटणार?"

शेजारच्या मालतीअक्का एकदा वैतागल्या. "नाना, सेल खुशाल न्या. पण कुरडया मी मोजून ठेवल्यात हो!"

कॅल्क्युलेटरमधल्या बटणासारख्या लिथियमच्या सेलचा तर त्यांनी धसकाच घेतला होता. "हे चपटं बेणं खिशात किल्ल्यांसोबत ठेवलं तर तापतं. पोरानं गिळलं तर घसा जाळतं. आणि चुलीत टाकलं तर..." इथे ते नुसते डोळे मोठे करत. हे टाकायचे कुठे, असं त्यांनी नगरपालिकेत जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, "उकिरड्यावर." नाना बरणी घेऊन परत आले. अशा सात बरण्या त्यांच्या कोरड्या फडताळात साठल्या होत्या. ऐकून ऐकून आम्ही थकलो होतो. सांगून सांगून बहुधा नानाही.

त्यांचा सर्वांत कडक नियम असा: सेल जोडीनंच काढायचे, जोडीनंच घालायचे. "नव्याच्या शेजारी जुना ठेवला की तो नव्यालाही घेऊन बुडतो."

दुपारी एकला मात्र त्यांच्या खिशात घड्याळासारखं काहीतरी पीं-पीं करी आणि नाना प्रवचन अर्धवट टाकून घरी जेवायला जात. नानांच्या पत्नी सुमनअक्का होत्या तेव्हा उलटा प्रकार होता. त्या गॅलरीतून जेवायला हाका मारत. मूळचे सोनगीरचे नाना अहिराणीत ओरडत, "उनू वं, उनू!" म्हणजे आलो गं, आलो. आणि तासभर हलत नसत. अक्का गेल्या आणि नाना वक्तशीर झाले. आता घरात ओरडणारं कुणी नाही म्हणून शिस्त लागली, अशी टिंगल आम्ही करायचो. मीही करायचो.

एका दुपारी ते माझ्याकडे आले, तेव्हा काखेत बरणी नव्हती. रुमालात गुंडाळलेली डिजिटल डायरी होती, भाच्यानं मुंबईहून आणलेली. पडदा फिकट पडला होता.

"माहितीपत्रक इंग्रजीत आहे. वाचा."

मी वाचलं. आत लिथियमचे दोन सेल. दोन्ही एकदम काढू नयेत, साठवलेलं सगळं पुसलं जाईल. एकेक बदलावा.

"म्हणजे नवा आणि जुना शेजारी शेजारी?"

"मिनिटभर, नाना."

नाना खुर्चीत बसले.

"असं आहे काय आत?" मी विचारलं.

"तुमच्या सुमनअक्कानं काही लिहून ठेवलंय."

"पुसलं गेलंच तर परत लिहू की."

"लिहू. पण ते मी लिहिलेलं होईल ना, भाऊ."

नानांनी रुमालातून दोन नवे सेल काढले आणि डायरी माझ्या हातात दिली. "चिमटा नको. कोरड्या फडक्यात कडेनं धरा." एक जुना बाहेर, एक नवा आत. नानांनी डोळे मिटले. दुसरा जुना बाहेर, दुसरा नवा आत. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, चांगली काळीभोर. नानांनी डोळे उघडले आणि जुन्या सेलना चिकटपट्टी लावायला घेतली.

इतक्यात एक वाजला. पीं-पीं झालं. मी पाहिलं, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: नाना, जेवायला चला.

नाना घाईघाईनं उठले, पायानं चप्पल चाचपली आणि माझ्या बायकोदेखत, पोरांदेखत मोठ्यांदा ओरडले, "उनू वं, उनू!"